परवाना एकाचाच

"मग तुम्हा तिघांपैकी काम कोण करणार?" वकीलबाईंनी विचारलं.

आप्पांनी माझ्या नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्यानं आप्पांकडे बघितलं, आणि मग दोघांनी मिळून त्या बाईकडे असं बघितलं, जणू तिनं भर पंगतीत काहीतरी अभद्र विचारलंय.

"काम?" आप्पा म्हणाले. "मॅडम, वुई आर ओनर्स!"

आप्पा म्हणजे माझे वडील, सटाण्याचे काशिनाथशेठ कोठावदे. मंगल कार्यालय आणि कॅटरिंग हा त्यांचा धंदा, आणि छाती पुढे काढून चालणं हा जोडधंदा. आदल्या वर्षी व्यापारी संघटनेच्या सहलीबरोबर ते पटायाला आले होते. इथे त्यांना शेवभाजी मिळाली नाही. दुसऱ्या कुणी घरी जाऊन शेवभाजी खाल्ली असती; आप्पांनी कंपनी काढली. महाराष्ट्रातून येणाऱ्या सहलीच्या ग्रुपना जेवण द्यायचं, म्हणून समुद्रापासून दोन गल्ल्या आत जागा घेतली. इमारतीचा थाई मालक कायद्याप्रमाणे भागीदार झाला. उरलेल्या हिश्शात आप्पा चेअरमन, जावई मॅनेजिंग डायरेक्टर, आणि एक सही कमी पडत होती म्हणून मी डायरेक्टर.

वकीलबाईंचं नाव सुपापोर्न. बारीक चणीची, चाळिशीची बाई. आप्पांनी आल्या आल्या तिचा शाल आणि नारळ देऊन सत्कार केला होता. शाल तिनं खुर्चीच्या पाठीला टाकली आणि नारळ गडगडू नये म्हणून प्रिंटरला टेकवून ठेवला. तिनं आम्हाला सोप्या इंग्रजीत, शाळेतल्या पोरांना सांगावं तसं समजावून सांगितलं.

"कंपनी काढणं ही एक गोष्ट. या देशात येण्याचा व्हिसा ही दुसरी. आणि इथे काम करण्याचा परवाना ही तिसरी. कंपनी तुमच्या नावावर झाली म्हणजे तिच्यात तुम्हाला काम करता येतं, असं नाही. तुमच्याकडे बिझनेस व्हिसा आहे. त्याच्यावर बैठका घ्या, करार करा, बाजार बघा. पण परवाना हातात येईपर्यंत गल्ल्यावर बसायचं नाही, वाढायचं नाही, चमचासुद्धा उचलायचा नाही."

"आपल्याच दुकानात?" आप्पांनी मला मराठीत विचारलं. "मग दुकान कुणाच्या बापाचं?"

"चार थाई माणसं नोकरीला ठेवली की एका परदेशी माणसाचा परवाना निघतो," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे चार आहेत. म्हणजे परवाना एक. कोणाचा काढू?"

तिनं अर्ज पुढे सरकवला. प्रफुल्लरावांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, तो वाचायला घेतला आणि दुसऱ्याच ओळीला त्यांचं तोंड आंबट झालं. वर लिहिलं होतं 'नोकरी देणारा', खाली लिहिलं होतं 'नोकर'. त्याच्या खाली पगार.

"मामा, हे काय?" ते आप्पांना म्हणाले. "मी तुमचा नोकर?"

"छे छे, जावईबापू! जीभ झडेल माझी!" आप्पांनी कानाच्या पाळ्यांना हात लावले. "ज्याला अधिक महिन्यात चांदीच्या ताटात अनारसे दिले, त्याला पगाराच्या कागदावर सही करायला लावू? कोठावद्यांच्या सात पिढ्यांत असलं झालं नाही."

"मग तुमच्या नावानं काढा."

"माझ्या? चेअरमन कधी नोकर असतो का?"

हे दोघं आळीपाळीनं एकमेकांना मान देत होते आणि बाई पेन हातात धरून बसल्या होत्या. शेवटी त्यांनी माझ्याकडे बघितलं. "स्वयंपाक कोण करतं?"

"मी," मी म्हटलं.

"बाजार?"

"मीच. कामावरच्या मुलींना शिकवणंही माझ्याकडेच."

"मग प्रश्न काय आहे? परवाना यांचा काढायचा. नवरा यांच्यावर अवलंबून म्हणून राहू शकेल, तसा वेगळा व्हिसा मिळतो."

प्रफुल्लराव आधी हसले. मग 'अवलंबून' हा शब्द त्यांच्या डोक्यात उतरला आणि ते हसायचे थांबले. "मी? बायकोवर अवलंबून?"

आता काय सांगू तुम्हाला! या माणसाला लग्नापासून माझ्या बापानं पोसलं. आधी सटाण्यात मेडिकल काढून दिलं, ते यांनी बुडवलं. मग झेरॉक्सचं दुकान दिलं, ते दुपारच्या झोपेपायी बंद पडलं. शर्टाच्या गुंड्यासुद्धा मी लावून द्यायची. म्हणजे अवलंबून राहायला यांची कधीच ना नव्हती, फक्त कुणी तसं म्हटलेलं चालत नव्हतं.

"आणि ही कुठे काम करते?" ते बाईंना म्हणाले. "शी इज फॅमिली. ती घरचीच आहे."

"पगार घेतला नाही, तरी काम ते कामच," बाई म्हणाल्या. "परवान्याशिवाय सापडल्या, तर दंड होईल, परत पाठवतील, आणि बरीच वर्षं येऊ देणार नाहीत. मी सांगितलं. आता तुम्ही ठरवा."

आप्पांनी अर्जाची घडी केली, बॅगेत टाकली आणि "घरी विचार करून कळवतो" म्हणाले. आमच्याकडे मुलगी बघायला गेलेले लोक नकार द्यायचा असला की असंच म्हणतात.

मला तो परवाना हवा होता. उगाच आढेवेढे कशाला घेऊ, हवाच होता. मी बी. ए. झाले, त्यानंतर लग्नाआधी आणि लग्नानंतरही आप्पांच्या कार्यालयाचं स्वयंपाकघर माझ्याच जिवावर चाललं. खापरावरचे मांडे करावेत तर कोठावद्यांकडेच, असं अख्खा बागलाण तालुका म्हणायचा. पण लोक जेवून उठले की बाहेर जाऊन आप्पांचा हात हातात घेत. "काशिनाथशेठ, काय मांडे केलेत हो!" आणि आप्पा, ज्यांना पुरण कशाशी खातात एवढंच ठाऊक, ते नम्रपणे मान झुकवत. मला त्याचा राग यायचा, पण कुणाला सांगणार? आणि इथे एक परकी बाई पेन उघडून विचारत होती, की काम करणाऱ्याचं नाव काय. माझ्या नावानं पगार, माझ्या नावानं बँकेत खातं, आणि कागदावर लिहिलेलं की स्वयंपाक ही बाई करते. त्या दुपारी मला पहिल्यांदा कशाची तरी हाव सुटली.

खोलीवर आल्यावर मी विषय काढला. "आप्पा, माझ्या नावानं काढून टाका ना."

"पोरीला पगारावर ठेवू? लोक काय म्हणतील?"

"इथे कोण लोक आहेत, आप्पा?"

"लोक सगळीकडे असतात, हेमे." आणि ते टीव्हीवरचा थाई कुस्तीचा कार्यक्रम बघायला लागले.

"मग मी स्वयंपाक करत नाही. बाई सांगत होत्या ना, सापडले तर?"

"स्वयंपाकाला कोण काम म्हणतं?" प्रफुल्लराव पलंगावरून म्हणाले. "तू सटाण्यात करत होतीस, तेव्हा तुला कुणी पकडलं? घरात करतेस तेच इथे करायचं. उगाच त्या वकिलिणीचं ऐकून डोक्यात राख घालून घेऊ नकोस."

आणि मी केला स्वयंपाक. पोरगा नाशिकला होस्टेलला ठेवून आलेले, तिकिटाचे पैसे आप्पांचे, पासपोर्ट आप्पांच्या बॅगेत. रुसून बसायला माझी स्वतःची खोलीसुद्धा नव्हती.

दुकान चाललं, आणि चांगलं चाललं. सकाळी थाई जेवणाचा वास घेऊन गुदमरलेली आपली माणसं दुपारी माझ्या दारात येऊन शेवभाजीच्या वासानं अक्षरशः रडायची. नोक नावाची एक पोरगी माझ्या हाताखाली होती. तिला महिन्याभरात कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी थापता यायला लागली. व्हिसाची मुदत भरत आली की आम्ही तिघं मिनीबसनं सरहद्दीवर जायचो, पलीकडे पाऊल टाकायचो आणि नवा शिक्का घेऊन परत यायचो. सुपापोर्नबाई दर वेळी फोन करून विचारायच्या, "अर्ज भरलात का?" आणि आप्पा दर वेळी म्हणायचे, "यंदा गुरुबळ नाही. पाडव्यानंतर बघू."

पाडवा आला, पण अर्ज काही बॅगेतून बाहेर आला नाही. फ्लेक्स मात्र आला.

पाडव्याला दुकानाच्या दर्शनी बाजूला फ्लेक्स लागला नाही, तर आप्पांना घास गिळत नाही. त्यांनी तो सटाण्याहून छापून मागवला, एका सहलीवाल्याच्या सामानातून. दोन मजले झाकतील एवढा. डावीकडे आप्पा, काळा गॉगल, कानाला मोबाईल, खाली इंग्रजीत 'चेअरमन'. उजवीकडे जावईबापू, तसाच गॉगल, तसाच मोबाईल, खाली 'मॅनेजिंग डायरेक्टर'. मागे कुठल्यातरी गडाचं चित्र, त्याच्याखाली झेपावणारा वाघ, आणि कोपऱ्यात टोमॅटोएवढी पुरणपोळी. पटायाच्या त्या गल्लीत मसाजवाल्या बायका बाहेर येऊन हा फ्लेक्स बघत उभ्या राहिल्या. नोकनं मला हळूच विचारलं, "हे दोघं निवडणुकीला उभे आहेत?"

सुपापोर्नबाईंचा लगेच फोन आला. "तो काढा. परवाना नसलेला माणूस स्वतःचा फोटो दोन मजले लावतो का?"

"जळतात," प्रफुल्लराव म्हणाले. "प्रगती बघवत नाही कुणाला."

चौथ्या-पाचव्या दिवशी ते आले. भर दुपारी. चोपड्याचा एक ग्रुप जेवायला बसला होता आणि मी खास त्यांच्यासाठी मांडे करत होते. स्वयंपाकघराच्या वाढायच्या खिडकीतून मला सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. इमिग्रेशनच्या गणवेशातले दोन पुरुष आणि त्यांची वरिष्ठ, एक पोक्त बाई. तिच्या हातातल्या मोबाईलवर आमच्या फ्लेक्सचा फोटो होता.

"चेअरमन कोण?" तिनं इंग्रजीत विचारलं.

आप्पा पंख्याखालून उठले. त्यांना वाटलं, कुणीतरी सत्काराला आलंय. "येस! आय अ‍ॅम चेअरमन! आणि हे आमचे एम. डी. साहेब."

प्रफुल्लरावांनी केस सारखे केले आणि हात पुढे केला. बाईनं तो घेतला नाही.

"तुम्ही इथे काय करता?"

"एव्हरीथिंग!" आप्पा म्हणाले. "बाजार, हिशेब, स्टाफ, सगळं माझ्याच डोक्यावर."

"ऑपरेशन्स मी बघतो," प्रफुल्लरावांनी घाईघाईनं भर घातली. कमी पडायला नको ना!

बाईनं सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, "कामाचा परवाना दाखवा."

दोघांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. नोकनं तेवढ्यात सुपापोर्नबाईंना फोन लावला होता. त्यांचं ऑफिस मागच्याच गल्लीत, त्या चालतच आल्या. अधिकारीबाईशी थाईमध्ये चार वाक्यं बोलल्या आणि मग आमच्या दोन वाघांकडे वळल्या.

"तुम्ही जे जे करतो म्हणालात, ते सगळं काम आहे. परवाना नाही. म्हणजे दोघांनाही परत पाठवणार. खरंच करता का हे सगळं?"

आप्पांनी दोन्ही हात हलवले. "नो," ते म्हणाले. "नो, नो. आय डू नथिंग."

"नथिंग," प्रफुल्लराव म्हणाले. "ओन्ली सिटिंग."

अधिकारीबाईला ते पटेना. तिनं दुकानातल्या पोरींना एकेकीला विचारलं. पोरी काय बोलल्या ते मला कळलं नाही, पण त्या तोंडावर हात धरून हसल्या. सुपापोर्नबाईंनी गंभीर चेहऱ्यानं त्याचं इंग्रजी केलं. "त्या सांगतात, हे दोघं दिवसभर पंख्याखाली बसून असतात. म्हातारे पेपर वाचतात. दुसरे जेवून झोपतात."

"करेक्ट!" प्रफुल्लराव म्हणाले. बारा वर्षांच्या संसारात मी त्यांना कुठल्याही गोष्टीला इतक्या आनंदानं हो म्हणताना बघितलं नव्हतं.

मग अधिकारीबाई स्वयंपाकघराकडे वळली.

खापरावरचा मांडा कसा करतात, ते ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगते. पुरण भरलेला गोळा हातावर घ्यायचा आणि या हातावरून त्या हातावर झेलत झेलत वाढवायचा, कोपरापर्यंत. तो पातळ होत जातो, दोन्ही हातांवर ओढणीएवढा पसरतो. तेव्हा तो ना खाली ठेवता येतो, ना कुणाच्या हातात देता येतो. चुलीवरच्या पालथ्या खापरावरच टाकावा लागतो. ती बाई दारात आली, तेव्हा माझे दोन्ही हात असे मांड्याखाली गेलेले होते. ती थांबली. मीही थांबले, पण हात थांबवता येत नव्हते. तिनं मानेनं मला खूण केली, 'आधी ते टाक.' मी मांडा खापरावर टाकला, हलकेच काठ सरळ केला, आणि पदराला हात पुसून उभी राहिले.

आप्पा आणि प्रफुल्लराव तिच्या मागून आत घुसले.

"हेमे, सांग, घरच्यांसाठी करतेय," आप्पा मराठीत म्हणाले. "एवढं बोल, सगळं निस्तरतं."

"हौस म्हणून करते म्हण," प्रफुल्लराव म्हणाले. "अगं, तोंड उघड की!"

सुपापोर्नबाई मात्र माझ्याशी सरळ बोलल्या. "त्यांनी विचारलंय, हे कोणासाठी चाललंय. कुटुंबासाठी असं म्हणालात, तर त्या बहुधा मान्य करतील. काम करते म्हणालात, तर तुम्हाला आजच घेऊन जातील. दुकान, ही चूल, सगळं सुटेल. विचार करून बोला."

परातीत मांड्यांची चळत होती. खिडकीपलीकडे चोपड्याची माणसं हात धुऊन वाट बघत होती. एवढं मोठं कुटुंब त्या अधिकारीबाईनं कधी बघितलं नसेल, पण ती गप्प उभी होती. मला वाटतं, तिला मला सोडायचं होतं. आणि मलाही सुटायचं होतं, खोटं कशाला बोलू? ते स्वयंपाकघर मी लावलं होतं. नोकला मी घडवलं होतं. एक खोटं वाक्य बोलले असते, तर संध्याकाळी पुन्हा त्याच चुलीपुढे उभी राहिले असते.

पण प्रफुल्लरावांना धीर धरवेना. ते पुढे झाले आणि अधिकारीबाईला समजावू लागले. "मॅडम, शी इज हाऊसवाइफ. नो वर्क. नेव्हर! इन हर लाइफ, नेव्हर!"

माझ्या डोळ्यांसमोर एकदम आमच्या कार्यालयाची मोठी चूल आली, लग्नसराईतली. तळपायाची आग मस्तकात गेली.

"आय वर्क हिअर," मी म्हटलं.

"हेमे!" आप्पा ओरडले.

"बाजार मी करते. रोजचा स्वयंपाक मी करते. या पोरींना मी शिकवलं. कुटुंबासाठी नाही, गिऱ्हाइकांसाठी. पहिल्या दिवसापासून."

सुपापोर्नबाईंनी शब्दन् शब्द थाईमध्ये सांगितला. अधिकारीबाईनं वहीत लिहिलं. मग पेननं आमच्या दोन्ही मालकांकडे खूण केली. "आणि हे दोघं?"

आता त्यांचं नशीब माझ्या जिभेवर होतं, आणि ते दोघांनाही कळलं. प्रफुल्लराव माझ्याकडे असे बघत होते, जसं त्यांनी मला लग्नातसुद्धा बघितलं नसेल. 'हे दोघं धंदा बघतात' एवढं म्हटलं असतं, तर तिघांची वरात एकाच गाडीतून निघाली असती. त्यांनी स्वतः तोंडानं सांगितलेलं वहीत लिहिलेलं होतंच.

"ते काही करत नाहीत," मी म्हटलं.

"खात्री आहे?"

"देवाशपथ. तुम्ही म्हणाल तिथे लिहून देते. यांनी कधी काडी इकडची तिकडे केलेली नाही."

लिहून घेतलंच त्यांनी. बाहेरच्या टेबलावर, शेवभाजीची वाटी बाजूला सारून. माझ्या कागदावर एकच सही, कामाच्या रकान्यात 'आचारी'. त्या दोघांचा कागद मोठा होता. सुपापोर्नबाईंनी तो त्यांना वाचून दाखवला, आवाज जराही न हलवता. आम्ही या कंपनीत कोणतंही काम करत नाही, यापूर्वी केलेलं नाही, आणि यापुढे परवान्याशिवाय कोणत्याही कामाला हात लावणार नाही. लावल्यास शिक्षेला पात्र राहू.

तुम्हाला वाटेल, माणसाला असल्या कागदावर सही करताना थोडी तरी लाज वाटत असेल. आप्पांनी खिशातून चष्मा काढला. जावईबापूंनी अदबीनं पेनाचं टोपण काढून दिलं. "आधी तुम्ही, मामा." "नाही नाही, जावईबापू, मान तुमचा." अखेर दोघांनी एकापाठोपाठ एक सह्या ठोकल्या, आणि आप्पांनी तर सहीखाली सवयीनं 'चेअरमन' असंही लिहिलं.

मला सामान घ्यायला थोडा वेळ मिळाला. माझी एकच बॅग. आप्पांनी पासपोर्ट काढून अधिकारीबाईच्या हातात दिला, माझ्याकडे बघितलं नाही. नोक रडत होती. तिला मी खापर देऊन टाकलं आणि पुरण किती घट्ट ठेवायचं ते पुन्हा एकदा बोटांनी दाखवलं. सुपापोर्नबाई माझ्यासोबत गाडीपर्यंत आल्या. माझी बॅग त्यांनी उचलली होती.

गाडीचं दार लागणार, एवढ्यात प्रफुल्लराव धावत आले. मला वाटलं, काही बोलणार असतील. बारा वर्षं झाली होती शेवटी.

"अगं, पण रात्री जळगावचा ग्रुप यायचाय!" ते धापा टाकत म्हणाले. "त्यांच्या जेवणाचं आम्ही काय करायचं?"

"काही नाही," मी म्हटलं. "तुम्ही दोघांनी काहीसुद्धा करायचं नाही. सही केलीय."